मुक्त भ्रमंती कुणाच्या जमिनीवर?

सप्टेंबर उजाडला की युरोपच्या उत्तर टोकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पांढऱ्या मोटरहोमची रांग लागते. जर्मनी, हॉलंड, स्वित्झर्लंडकडून निघालेली ही चाकांवरची घरे स्वीडनच्या जंगलांतून किरुनापर्यंत येतात, डोंगर ओलांडून नॉर्वेतील नार्विक आणि लोफोतेन बेटांकडे उतरतात. काही फिनलंडमधून इनारी सरोवराच्या काठाने थेट नोर्डकापच्या कड्यापर्यंत पोहोचतात. उन्हाळ्यातील डासांचा जाच संपलेला असतो. बर्चची पाने पिवळी, जमिनीलगतची झुडपे लालभडक झालेली असतात. फिनिश भाषेत या रंगांच्या ऋतूला ‘रुस्का’ असे स्वतंत्र नाव आहे. मध्यरात्रीचा सूर्य मावळून रात्री पुन्हा काळोख्या होऊ लागलेल्या असतात, त्यामुळे आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे पडदेही हलताना दिसतात. गाडीतच बिछाना, शेगडी, शीतकपाट आणि शौचकूप. वाटेल तेथे थांबावे, वाटेल तेव्हा निघावे.

या दृश्याच्या सौंदर्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो त्या दृश्यावर चिकटवलेल्या दोन शब्दांविषयी. पर्यटनाच्या पुरवण्या, आणि गेल्या काही वर्षांत मराठी पुरवण्याही, या प्रदेशाला ‘अस्पर्श’ म्हणतात आणि तेथील प्रवाशाला ‘मुक्त’ म्हणतात. भूमी कोणाचीच नाही, आणि तिच्यावरून जाणारा कोणाचे काही देणे लागत नाही, असा या दोन शब्दांचा सरळ अर्थ होतो. दोन्ही विधाने असत्य आहेत. नुसती असत्य असती तर जाहिरातदारांवर सोडून देता आली असती. पण ती सोयीची असत्ये आहेत, आणि त्यांची सोय प्रवाशापेक्षा बऱ्याच मोठ्या मंडळींना होते.

दूरदेशीच्या सुखवस्तू लोकांच्या सहलीवर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा का खर्चावी, असे एखाद्या कार्यकर्त्याला वाटेल. त्याचे उत्तर असे की, भारतातील लोकशाही समाजवादी मंडळी गेली कित्येक दशके वादविवादात स्वीडन आणि नॉर्वेचा दाखला देत आली आहेत. रशियाचे नाव निघाले की ‘तसे नव्हे, स्कँडिनेव्हियासारखे’ असे म्हणण्याची सवय जुन्या अभ्यासवर्गांपासूनची आहे. हा दाखला जेथे सर्वांत भक्कम ठरतो आणि जेथे तो उघडा पडतो, ती दोन्ही ठिकाणे या मोटरहोमच्या वाटेवरच आहेत.

प्रथम भक्कम बाजू. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या तिन्ही देशांत कोणीही माणूस दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून चालू शकतो, सरोवरात पोहू शकतो, रानफळे आणि अळंबी वेचू शकतो, एखाददुसरी रात्र तंबू ठोकून राहू शकतो. मालकाची परवानगी लागत नाही आणि दमडीही द्यावी लागत नाही. अट एवढीच की शेतीची लागवड तुडवू नये, घराच्या अंगणात शिरू नये, आग आणि कचरा मागे ठेवू नये. नॉर्वेत तंबू वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर असावा लागतो. स्वीडिश आणि फिनिश भाषांत याला ‘प्रत्येक माणसाचा हक्क’ अशा अर्थाचे नाव आहे. कुंपणाला आणि ‘आत येण्यास मनाई’ या पाटीला सरावलेल्या डोळ्यांना ही कल्पनाच अद्भुत वाटेल. गायरान नावाची चीज सातबाऱ्यावरून नाहीशी होताना पाहणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला तर विशेषच.

मूळ रूढी फार जुनी आहे. वाटसरू, शेतकरी, कोळी यांच्या व्यवहारातून ती आली. पण रूढी आपोआप टिकत नसतात. ज्या काळात मोटार, बंगले आणि जमिनीचे भाव वाढू लागले त्या काळात इतर देशांतील अशा रूढी मालकांनी गिळून टाकल्या. येथे तसे झाले नाही, कारण याच काळात येथील कामगार चळवळ सत्तेच्या जवळ आली होती. स्वीडनमध्ये १९३८ साली दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, नॉर्वेत १९४७ साली तीन आठवड्यांची. रजा मिळालेल्या गिरणी कामगाराला जायला जागा हवी होती. सरोवरांचे काठ धनिकांच्या बंगल्यांनी व्यापले असते, तर त्या रजेचा अर्थ चाळीच्या जिन्यात बसून राहणे एवढाच उरला असता. म्हणून १९५० च्या दशकात स्वीडनने पाण्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घातले; नॉर्वेत मजूर पक्षाचे सरकार असताना १९५७ साली रानावनात फिरण्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला; १९९४ साली स्वीडनने त्याला राज्यघटनेत स्थान दिले. मालकी राहिली, पण मालकीतला एक अधिकार, दुसऱ्याला हाकलण्याचा, समाजाने काढून घेतला. समाजवादी विचाराचा इतका साधा आणि इतका पक्का विजय दुसरीकडे क्वचितच दाखवता येईल.

आता मोटरहोममधील ‘मुक्त’ प्रवाशाकडे पाहावे. तो ज्या रस्त्याने जातो तो सरकारने बांधलेला असतो आणि हिवाळाभर सरकारच्या यंत्रांनी मोकळा ठेवलेला असतो. स्वीडन आणि फिनलंडमध्ये नदी किंवा खाडी आडवी आली तर पिवळ्या रंगाची सरकारी तर त्याला गाडीसकट पैसे न घेता पलीकडे नेते. विश्रांतिस्थळांवर स्वच्छ शौचालय असते, गाडीतील मैला ओतण्याची सोय बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेने केलेली असते, डोंगरात वाट चुकल्यास शोधपथक धावते. हा सगळा सार्वजनिक संसार, आणि त्याचा उपभोग घेणारा मनुष्य काचेआडून बाहेर पाहत स्वतःला समाजापासून सुटलेला समजतो! खासगी सुख आणि सार्वजनिक खर्च यांचे नाते याहून स्पष्ट कोठे दिसणार?

त्यातही एक मेख आहे, जी पुरवण्या सांगत नाहीत. ‘प्रत्येक माणसाचा हक्क’ हा माणसाचा आहे, इंजिनाचा नाही. तो चालणाऱ्याचा, पोहणाऱ्याचा, बर्फावरून घसरत जाणाऱ्याचा हक्क आहे. रस्ता सोडून मोटार रानात घालण्यास स्वीडनने १९७५ साली आणि नॉर्वेने १९७७ साली स्वतंत्र कायद्यांनी बंदी केली. म्हणजे सरोवराकाठच्या गवतावर गाडी नेऊन खुर्च्या मांडणारा जो प्रवासी या हक्काचे नाव सांगतो, तो हक्क त्याला मुळात कधी दिलेलाच नव्हता. पायी फिरणाऱ्या गरिबासाठी राखलेली वस्तू साडेतीन टनांच्या यंत्राने उचलली, आणि उचलताना नाव मात्र गरिबाच्या हक्काचे घेतले. आपल्याकडे फूटपाथवर मोटार चढवणारा निदान एवढा तात्त्विक आव आणत नाही.

लोफोतेनसारख्या चिंचोळ्या बेटांवर याचे परिणाम दिसू लागून बरीच वर्षे झाली. हजारभर वस्तीच्या गावात हंगामात वस्तीच्या कितीतरी पट गाड्या येतात. गावाने पाणी पुरवायचे, मैला उचलायचा, कडेला लावलेल्या गाड्यांतून रुग्णवाहिकेला वाट काढून द्यायची. आणि पाहुण्याने आपल्या देशातील बाजारातून महिन्याचा शिधा भरून आणलेला. इंधनावरचा कर तो भरतो हे खरे, पण तो कर राजधानीत जातो आणि मैला गावात राहतो.

येथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. सगळेच मोटरहोमवाले धनिक नसतात. रुर खोऱ्यातील निवृत्त जोडारी आयुष्यभराच्या बचतीतून एखादी जुनी गाडी घेतो, स्वतःच्या हातांनी तिच्यात फळ्या ठोकतो, आणि बायकोला घेऊन एकदा उत्तरेला जाऊन येतो. हॉटेलात राहण्याची त्याची ऐपत नाही. त्याला नावे ठेवून समाजवादी माणूस कोणाची बाजू घेणार? हॉटेलमालकांची? पगारी रजा ज्यांनी लढून मिळवली त्यांनीच रजेवर गेलेल्याला हिणवावे हे शोभणारे नाही. पर्यटनविरोधाच्या नावाखाली ‘दर्जेदार पाहुणे तेवढे यावेत, बाकीचे नकोत’ अशी जी मागणी काही पर्यटन व्यावसायिक करतात, ती उघड वर्गीय मागणी आहे आणि तिच्यामागे जाण्याचे कारण नाही. मात्र या जोडाऱ्याचे नाव पुढे करून जो धंदा चालतो तो वेगळा. ज्या नव्या गाडीच्या किमतीत पुण्याच्या उपनगरात सदनिका यावी अशा गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या, ‘शेवटचे रान’ विकणारे सहलवाले, आणि त्या रानातील प्रत्येक झऱ्याचा नकाशा छापणारे यांचा तो धंदा आहे. जोडारी त्यांचा गिऱ्हाईक आहे, भागीदार नाही.

आता ‘अस्पर्श’ या शब्दाकडे.

नॉर्वेच्या उत्तरेकडे जाणारा मुख्य रस्ता हा युरोपीय महामार्ग क्रमांक ६. साल्तफ्येल पठाराच्या उत्तरेस, रोग्नान गावापासून फ्योर्डच्या काठाने तो पुढे जातो, त्या टप्प्याचे स्थानिक नाव ‘रक्ताचा रस्ता’. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी तो युगोस्लाव्ह आणि सोव्हिएत कैद्यांकडून खोदून घेतला. नाझींनी नॉर्वेत आणलेल्या सुमारे १ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी १३ हजारांहून अधिक मेले. युगोस्लाव्ह कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक परत गेले नाहीत. पुढे फिनमार्क लागतो. तेथील खेड्यांतील घरे सगळी एका वयाची का दिसतात, असा प्रश्न प्रवाशाला सहसा पडत नाही. १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा सारा प्रांत जाळला, अकरा हजारांवर घरे राख केली, पन्नास हजारांच्या आसपास माणसांना हुसकून लावले. काही हजार लोक गुहांत आणि मातीच्या खोपट्यांत लपून राहिले. फिनलंडमधील रोव्हानिएमी त्याच ऑक्टोबरमध्ये बेचिराख झाले. म्हणजे जेथे गाडी थांबवून ‘येथे माणूस पोहोचलाच नाही’ असे टिपले जाते, तेथे माणसाने माणसाचे काय केले याचे ढीग पडले होते.

किरुनाची गोष्ट याहून जवळची आहे. येथील लोखंडाच्या खाणीतून खनिज नार्विकच्या बंदरात नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी डोंगरातून रेल्वे काढली. तिच्या सोबतीने जाणारा मोटररस्ता मात्र १९८४ साली झाला. खाण सरकारी मालकीची. या सरकारी खाणीत डिसेंबर १९६९ मध्ये सुमारे पाच हजार कामगारांनी काम बंद केले. मालक समाजवादी सरकार, पंतप्रधान ओलोफ पाल्मे, आणि संपाला विरोध करणारे कोण, तर कामगारांची स्वतःचीच संघटना! वेळ मोजणारी घड्याळे, तुकड्यावरचे वेतन आणि वरिष्ठांची अरेरावी यांविरुद्ध तो संप ५७ दिवस चालला. राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे मजूर मालक झाला, असे समजणाऱ्यांसाठी या संपाइतका चांगला पाठ नाही. आज त्याच खाणीने जमीन पोखरल्यामुळे किरुना शहरच पूर्वेला हलवले जात आहे. १९१२ सालचे लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये अखंड उचलून पाच किलोमीटर दूर नेण्यात आले. जगभरच्या चित्रवाणीने ते दाखवले. त्याच खाणीलगत दुर्मीळ मृदा धातूंचा मोठा साठा सापडल्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली, आणि तो साठा गाब्ना या सामी पशुपालक समुदायाच्या चराईच्या वाटेखाली आहे, ही गोष्ट चित्रवाणीवर तितक्या वेळा दिसली नाही.

सामी हे या भूमीचे आदिवासी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प असा त्यांचा प्रदेश चार राष्ट्रांनी वाटून घेतला. त्यांच्यातील थोडेच लोक रेनडिअर पाळतात. बाकीचे मासेमारी, शेती, नोकरी, शिक्षकी असे सारे काही करतात, पण पर्यटकाला सामी म्हणजे रंगीत पेहरावातला रेनडिअरवाला एवढाच हवा असतो. तरीही जमिनीचा प्रश्न पशुपालनाभोवतीच फिरतो, कारण मोठे क्षेत्र वापरणारा, आणि म्हणून मोठ्या योजनांच्या आड येणारा, धंदा तोच आहे.

मोटरहोमचा मोसम नेमका पशुपालकाच्या ऐन कामाचा मोसम असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. सामी पशुपालक वर्षाचे चार नव्हे, आठ ऋतू मोजतात. त्यांपैकी उन्हाळ्याचा शरद, शरद आणि शरदाचा हिवाळा हे तीन या महिन्यांत येतात. सप्टेंबरमध्ये, माजावर येण्यापूर्वी, नर जनावरे निवडून कापली जातात. वर्षाच्या मांसाची आणि पैशाची बेगमी त्यातून होते. मग माज सुरू होतो. नर लढतात, कळप एकत्र येतात; अशा वेळी कळप उधळला तर गाभण राहणाऱ्या माद्यांची संख्या घटते आणि पुढच्या वसंतात त्याचा हिशेब चुकवावा लागतो. अळंबीच्या लोभाने जनावरे विखुरतात, ती शोधून आणावी लागतात. त्यानंतर किनाऱ्याकडून आतल्या पठारांकडे, कौतोकेइनो आणि काराशोककडच्या हिवाळी चराईकडे स्थलांतर. नोर्डकापचे मागेरोया बेट घ्या. मोटरहोम तेथे १९९९ साली झालेल्या समुद्राखालच्या बोगद्यातून काही मिनिटांत जाते. त्याच सामुद्रधुनीतून शरदात रेनडिअरचे कळप पोहत मुख्य भूमीवर येतात. काठावर गाड्या, कुत्री आणि डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असला की पुढची मादी पाण्यात उतरत नाही, आणि ती उतरली नाही की मागचा कळप उतरत नाही. मेंढ्यांचा वाडा घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगराला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

फिनलंडच्या रस्त्यांवर दरवर्षी सुमारे चार हजार रेनडिअर वाहनांखाली मरतात. स्वीडनमध्ये पशुपालक रस्त्याच्या कडेच्या खांबाला काळी प्लास्टिकची पिशवी बांधतात. कळप जवळच आहे, वेग कमी करा, असा तिचा अर्थ. अनेक प्रवासी ती कोणी टाकलेली घाण समजतात. ज्या भूमीवर ही पिशवी वाचता येत नाही ती भूमी ‘अस्पर्श’ म्हणायला हरकत ती काय!

आणखी एक वर्ग या रानात याच महिन्यांत असतो, आणि तो पुरवण्यांतील छायाचित्रांत अगदीच दिसत नाही. उत्तरेच्या जंगलातील निळी ब्लूबेरी, तांबडी लिंगनबेरी आणि दलदलीतील सोनेरी क्लाउडबेरी वेचण्यासाठी जुलैअखेरपासून थायलंडच्या ईशान्येकडील शेतकरी हजारोंच्या संख्येने आणले जात. विमानभाडे, निवास, जेवण, गाडी या सर्वांचे पैसे त्यांच्याच डोक्यावर कर्ज म्हणून चढत. हंगाम चांगला आला तर काही उरे, वाईट आला तर गावची जमीन गहाण पडे. फिनलंडमध्ये ते कोणाचेही नोकर नव्हते! कायद्याच्या नजरेत ते ‘प्रत्येक माणसाचा हक्क’ बजावणारे स्वतंत्र वेचणारे होते, आणि पाहुण्याच्या व्हिसावर आलेले होते. म्हणून किमान वेतन नाही, ठरलेले तास नाहीत. कामगारांच्या रजेसाठी राखलेला हक्क कामगाराला वेतन नाकारण्याचे साधन झाला, याहून कडू विडंबन कोणते? पुढे याच धंद्यातील माणसांवर तेथील न्यायालयांत मानवी तस्करीचे गुन्हे सिद्ध झाले आणि सरकारला हा व्हिसाचा मार्ग बंद करावा लागला. स्वीडनमध्ये वेतनाच्या हमीचा नियम आधी आला, पण कागदावरची हमी आणि जंगलातील हिशेब यांत अंतर किती असते हे ऊसतोड मजुरांची उचल पाहिलेल्या कार्यकर्त्याला सांगणे नको. एकाच शरदात, एकाच जंगलात, एकाच हक्काच्या आधारे दोन माणसे वाकून बेरी वेचत असतात. एक सकाळच्या न्याहारीसाठी, दुसरा कर्जफेडीसाठी.

या सर्वांहून अवघड प्रकरण अल्ताचे आहे, आणि समाजवाद्यांनी ते सोयीने विसरू नये. अल्ता-कौतोकेइनो नदीवर धरण बांधण्याचा बेत नॉर्वेच्या सरकारने केला. मूळ आराखड्यात मासी हे सामी गाव बुडणार होते. विरोधानंतर ते वगळले गेले, पण धरण राहिले. ऑक्टोबर १९७९ मध्ये सामी तरुणांनी ओस्लो येथे संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केले. १४ जानेवारी १९८१ रोजी स्तिल्ला येथे सुमारे ६०० पोलीस आणून साखळदंडांनी स्वतःला बांधून घेतलेल्या सत्याग्रहींना उचलण्यात आले. सरकार मजूर पक्षाचे होते. फेब्रुवारीत ग्रो हार्लेम ब्रुन्टलांड पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्यांच्या कचेरीत सामी स्त्रियांनी ठिय्या दिला. त्यांनाही पोलिसांनी बाहेर काढले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि १९८७ साली वीजकेंद्र सुरू झाले. त्याच १९८७ साली ब्रुन्टलांड यांच्याच अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने ‘आपले समान भवितव्य’ या अर्थाच्या नावाचा अहवाल प्रसिद्ध करून ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगाच्या तोंडी बसवला. भवितव्य समान, पण नदी कोणाची जाणार हे आधीच ठरलेले!

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की तो लढा हरूनही व्यर्थ गेला नाही. त्याच्या रेट्याने नॉर्वेत सामी संसद उभी राहिली आणि १९८९ साली तिचे उद्घाटन झाले. आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १६९ नॉर्वेने सर्वांआधी, १९९० साली, मंजूर केला. २००५ च्या कायद्याने फिनमार्कमधील सरकारी जमीन स्थानिक प्रतिनिधींच्या संस्थेकडे आली. स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गिर्यास या सामी समुदायाला त्यांच्या डोंगराळ क्षेत्रात लहान शिकार आणि मासेमारीचे परवाने देण्याचा एकाधिकार, अनादि वहिवाटीच्या आधारावर, मान्य केला. लोकशाही राज्यात लढून काही मिळवता येते, हा दाखला खरा आहे. तो अर्धा आहे, एवढेच.

कारण पुढचा अर्धा भाग फोसेनचा आहे. मध्य नॉर्वेतील फोसेन द्वीपकल्पावर दक्षिणी सामींच्या हिवाळी चराईत १५१ पवनचक्क्या उभारल्या गेल्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी व राजकीय हक्कविषयक कराराच्या २७ व्या कलमाचा भंग झाला असून परवाने अवैध आहेत. निर्णय लागला आणि चक्क्या फिरत राहिल्या. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुणांनी ओस्लोतील मंत्रालयांची दारे अडवली. मग सरकारने क्षमा मागितली. चक्क्या त्यानंतरही फिरत राहिल्या. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये नुकसानभरपाई व पर्यायी चराई देण्याचे समझोते झाले, आणि चक्क्या आजही तेथेच आहेत. सत्तेवर पुन्हा मजूर पक्षच होता. शेजारी स्वीडनमध्ये मार्च २०२२ मध्ये योकमोकजवळ गालोक येथील लोखंडाच्या खाणीला सोशल डेमोक्रॅटिक सरकारने हिरवा कंदील दाखवला. ज्या मंत्र्याने तो दाखवला ते कार्ल-पेत्तर थोर्वाल्दसोन पूर्वी देशातील कामगार महासंघाचे अध्यक्ष होते.

या साऱ्यांचे समर्थन आता पर्यावरणाच्या नावाने होते. पोलादाला हिरवे करायचे तर खाण हवी. मोटारी विजेवर चालवायच्या तर धातू हवेत. वीज स्वच्छ हवी तर वारा हवा, आणि वारा नेमका चराईच्या पठारावर वाहतो. उत्तरेचे तापमान वेगाने वाढत आहे हे पशुपालकाइतके कोणालाच कळत नाही: शरदात आणि हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडतो, गोठून त्याचे कवच होते, आणि खालचे शेवाळ खुराने उकरता येत नाही. तापवले कोणी? दक्षिणेतून डिझेल जाळत येणाऱ्यांनी. आता तेच डिझेल सोडून विजेवरच्या गाड्या घेणार, तर त्यांच्या पापक्षालनाची जागाही पुन्हा त्याच पशुपालकाची चराई. सामी कार्यकर्ते याला ‘हरित वसाहतवाद’ म्हणतात. शब्द कठोर आहे, पण अल्तापासून फोसेनपर्यंतचा इतिहास पाहता अतिशयोक्त नाही. ‘अस्पर्श रान’ या कल्पनेचा खरा लाभधारक येथे दिसतो. रान रिकामे आहे असे पर्यटकाला पटले की, ते रिकामे आहे असे खाणमालकाला वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

येथे एक बचाव नेहमी केला जातो: बहुसंख्य कामगारांना वीज आणि रोजगार हवा, मूठभर पशुपालकांसाठी देशाने थांबावे काय? कोयनेपासून नर्मदेपर्यंत हाच प्रश्न ह्याच शब्दांत विचारला गेला आहे. यातली लबाडी ‘मूठभर’ या शब्दात आहे. पशुपालक मूठभर का उरले? नॉर्वेच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या सामी भाषा बंद ठेवली गेली. स्वीडनने १९२२ साली उप्साला येथे वंशजैविकीची सरकारी संस्था काढून सामींच्या कवट्या मोजल्या, आणि त्या संस्थेच्या मागणीवर सोशल डेमोक्रॅटिक नेते ब्रांटिंग यांचीही सही होती. नॉर्वेच्या संसदेने या सक्तीच्या नॉर्वेजियनीकरणाबद्दल १२ नोव्हेंबर २०२४ रोजी क्षमा मागितली. आधी माणसे कमी करायची आणि मग ती कमी आहेत म्हणून त्यांची जमीन घ्यायची, याला बहुमताचे राज्य म्हणता येत नाही.

मग मागणी काय असावी? पाहुण्यांना बंदी, अशी मागणी सामी संघटनांचीही नाही. त्यांच्यातील अनेकांचा चरितार्थ पाहुण्यांवरच चालतो. मागणी नियंत्रणाची आहे. कोणत्या आठवड्यात कोणत्या पायवाटा आणि आडरस्ते बंद राहतील हे माजाच्या आणि स्थलांतराच्या दिवसांत पशुपालकांनी ठरवावे. मुक्कामाच्या कराचा पैसा मैला उचलणाऱ्या गावाला मिळावा. रानात काम करणाऱ्याला, त्याचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो, तेथील कामगार संघटनेने ठरवलेले वेतन मिळावे, आणि ‘प्रत्येक माणसाचा हक्क’ धंद्यासाठी वापरणाऱ्या कंपनीला मालकाची सर्व बंधने लागू व्हावीत. खाण आणि पवनचक्की यांच्याबाबत सामींची संमती परवान्याच्या आधी घेतली जावी. निकालानंतर पाचशे दिवसांनी क्षमा मागणे म्हणजे संमती नव्हे.

यांपैकी शेवटच्या मागणीचा कायदेशीर आधार करार क्रमांक १६९ हाच आहे. नॉर्वेने तो मंजूर केला. स्वीडनने केलेला नाही, फिनलंडने केलेला नाही. भारताने १९५८ साली त्याच्या आधीचा, आदिवासींना मुख्य प्रवाहात विरघळवून टाकू पाहणारा करार क्रमांक १०७ स्वीकारला आणि तो तेथेच थांबला आहे. स्कँडिनेव्हियाचा दाखला देणाऱ्या कार्यकर्त्यांनी दिल्लीतील आपल्या खासदारांना याविषयी संसदेत प्रश्न विचारायला लावण्यास काहीच हरकत नाही. गडचिरोलीच्या सुरजागडच्या डोंगरावरून लोखंडाचे ट्रक आजही खाली उतरत आहेत.